गाणी भरणार कोण?

पत्र सांगलीतल्या एका ताईंचं आहे. वय ४४, नोकरी करतात. वडील, घरातले सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ७६ वर्षांचे. आधी ते गावभागात राहायचे. २०१९च्या पुरात घरात पाणी शिरलं आणि खालच्या कपाटातल्या दीड-दोनशे कॅसेट चिखलात गेल्या. तेव्हापासून ते मुलीकडे असतात. नाट्यगीतं, अभंग, ख्याल, मधूनच एखादं कीर्तन, असं त्यांचं ऐकणं. भाच्यानं दिलेला एक बोटभर प्लेअर सदऱ्याच्या खिशात टाकून रोज पहाटे आमराईत फिरायला जायचे. दिवाळीनंतर त्याची बॅटरी फुगली आणि तो गेला. ताईंच्या मते आता तसाच साधा, चार बटणांचा घ्यावा. पुण्याचा धाकटा भाऊ म्हणतो, एकदाच काय तो चांगला घेऊ: टचस्क्रीन, वाय-फाय, ब्लूटूथ, हाय-रेझ (म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचा आवाज). किंमत साध्याच्या दहापट. फोनवरची चर्चा आता अबोल्यापर्यंत आली आहे. अण्णांचं म्हणणं, "मला काही नको, उगीच खर्च करू नका." ताई विचारतात, "म्हाताऱ्या माणसाला साधं तेच बरं, हे भावाला कसं पटवू? की माझंच काही चुकतंय?"

ताई, नमस्कार.

कॅसेटींचं वाचून वाईट वाटलं. पुरात भांडीकुंडी, गाद्या गेल्या तर माणसं सांगतात तरी. कॅसेटींचं कुणी सांगत नाही, कारण जीव वाचले हे मोठं, तिथं गाण्यांचं काय घेऊन बसायचं. म्हणून अण्णांचं "मला काही नको" मला वरवरचं वाटत नाही. त्याकडे शेवटी येते.

भावाला कसं पटवायचं, यात माझा उपयोग कमीच. माझा स्वतःचा भाऊ मला ५० वर्षांत पटलेला नाही. पण तुमच्या वाक्यातलं एक गृहीत मला खटकलं: म्हाताऱ्या माणसाला साधं तेच बरं. अण्णांनी उभा जन्म ज्या कॅसेटींवर काढला, ते काय साधं प्रकरण होतं? फीत अडकली की ती हळूच बाहेर काढून पेन्सिल घालून गुंडाळायची. आवाज बसला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं हेड पुसायचं. चुकून कुणी पुसून टाकू नये म्हणून वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवायचे, आणि पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ आली की त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. हे सगळं अण्णांना येत असणार. तुमच्या टचस्क्रीनवाल्या भावालाही ते त्यांनीच शिकवलं असेल. म्हणजे त्यांना अवघड गोष्ट जमत नाही, असं धरून चालू नका. त्या अवघडपणात सगळं हाताला लागायचं, डोळ्यांना दिसायचं, एवढाच काय तो फरक.

आता तुमच्या शेजारच्या मिरजेकडे बघा. सतारमेकर गल्लीत तंबोरे तयार होतात, २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दिसायला तंबोऱ्याइतकं साधं वाद्य नसेल. बहुतेक तंबोऱ्यांना चार तारा, पडदा एकही नाही, एकामागून एक छेडत राहायचं, बस. पण घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा केसभर इकडेतिकडे सरकवून जवारी, म्हणजे तारेचा तो भरदार झंकार, लावताना कारागिराला एकदा पाहा. सगळी गुंतागुंत तिथे कुणीतरी आधीच आपल्या अंगावर घेतलेली असते, म्हणून गाणाऱ्याच्या मागे बसलेल्याला नुसतं छेडायचं काम उरतं.

प्लेअरचंही हेच आहे. गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. म्हणून किती बटणं आणि किती सोयी, या प्रश्नाआधी तुम्ही दोघांनी एक विचारायला हवं होतं, ते पत्रात कुठेच दिसलं नाही. गाणी भरणार कोण?

थोडं मागे जाते, कारण हा वाद तुमच्या घरातला पहिला नाही. १९७९च्या जुलैमध्ये सोनीनं जपानात पहिला वॉकमन विकायला काढला, किंमत ३३ हजार येन. तो त्यांच्याच वार्ताहरी टेपरेकॉर्डरवरून बेतलेला होता, पण त्यातलं रेकॉर्डिंग काढून टाकलं होतं आणि स्पीकरही. रेकॉर्ड न करणारा टेप घेणार कोण, अशी शंका खुद्द कंपनीत होती. लोकांनी घेतला. गंमत अशी, की त्याच यंत्रावर एक नारिंगी बटणही होतं. दोघांनी दोन हेडफोन लावून ऐकायचं आणि मध्येच एकमेकांशी बोलायचं असेल तर ते दाबायचं. पुढच्या मॉडेलांतून ते गेलं. म्हणजे काढलेल्याची आठवण कुणाला आली नाही आणि घातलेल्याचा उपयोग फारसा झाला नाही.

अ‍ॅपलचा आयपॉड आला २००१च्या ऑक्टोबरमध्ये. ५ जीबी, हजार गाणी, एक चक्र. रेडिओ नाही, रेकॉर्डिंग नाही. लोक अजून त्याच्या साधेपणाचं कौतुक करतात, पण तो साधा राहू शकला याचं कारण घरच्या कॉम्प्युटरवर होतं. याद्या करणं, नावं नीट लावणं, गाणी चढवणं-उतरवणं ही सगळी हमाली तिथे व्हायची. खिशातल्या यंत्राकडे फक्त वाजवण्याचं काम. ज्यांच्या घरी ती हमाली करणारं कुणी होतं, त्यांना तो साधा वाटला.

आणि साध्याचाही अतिरेक होतो, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. २००९ साली त्याच कंपनीनं आपल्या सगळ्यात छोट्या प्लेअरवरची गाण्यांची बटणं काढूनच टाकली आणि ती इअरफोनच्या वायरीवर नेली. एकदा दाबलं की चालू-बंद, दोनदा दाबलं की पुढचं गाणं, तीनदा दाबलं की मागचं. दिसायला गुळगुळीत पट्टी, पण दाबण्याचा हिशोब डोक्यात ठेवायचा, आणि ती वायर बिघडली तर दुसरा कुठलाही इअरफोन लावून भागायचं नाही. पुढच्याच वर्षी बटणं परत आली. तेव्हा साधं म्हणजे कमी दिसणारं, असं समजू नका. दुकानात तुम्हाला दोनच बटणांचा प्लेअर "एकदम सोपा आहे, मॅडम" म्हणून दाखवतील. त्यात एकच बटण जरा दाबलं तर आवाज वाढतो आणि दाबून धरलं तर गाणं बदलतं. अण्णांचा अंगठा थोडा रेंगाळला की मध्येच अभंगाऐवजी कीर्तन सुरू. सहा बटणांचा, एका बटणाला एकच काम असलेला प्लेअर त्याहून सोपा.

आता भावाची बाजू, कारण पत्रात ती जरा कमीच आली आहे.

त्याचा एक मुद्दा खरा आहे. वाय-फायचा प्लेअर असेल तर पुण्यात बसून तो याद्या करू शकतो, आणि त्या सांगलीत अण्णांच्या हातात उमटतात. वरच्या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे. अण्णांना नवं शोधून ऐकायची हौस असेल, एकाच बंदिशीची चार गायकांची गायकी पडताळून बघायची असेल, तर साध्या प्लेअरमध्ये ते होणार नाही. कानाला यंत्र असेल तर ब्लूटूथ ही चैन राहत नाही, गरज होते. अण्णांच्या कानांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. एकदा तपासून घ्या. ऐकू कमी येत असेल तर प्लेअरची सगळी चर्चा त्यानंतरची.

पण त्या प्लेअरच्या पोटात बहुधा अँड्रॉइड असतं, म्हणजे तो बिनासिमचा फोनच. त्याला पासवर्ड लागतो, अपडेट लागतात, आणि चार-पाच वर्षांनी अ‍ॅप म्हणू लागतं की तुमची आवृत्ती जुनी झाली. "एकदाच काय तो" हे भावाचं म्हणणं तिथे टिकत नाही. शिवाय आमराईत वाय-फाय कुठून आणणार? निघायच्या आधी गाणी उतरवून घ्यायला हवीत, म्हणजे पहाटे पाचला अण्णांनी स्क्रीन चाळत बसायचं. काचेला कडा नसते, उंचवटा नसतो. खिशात हात घालून ती चालवता येत नाही, बाहेर काढून चष्मा लावावा लागतो, आणि उन्हात तीही दिसत नाही.

हाय-रेझचं म्हणाल तर भावाला एवढंच विचारा, अण्णा ऐकतात काय? माणसाच्या कानाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ धरतात, तीही तरुणपणी, आणि सीडीच्या दर्जाच्या फाइलीत तेवढं सगळं मावतं. ख्यालगायक अब्दुल करीम खाँसाहेबांचंच बघा, ते १९३७ साली गेले. त्यांचं जे ध्वनिमुद्रण आहे ते एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरचं, खरखरीसकट. ती खरखर हाय-रेझमध्ये जास्त रेखीव ऐकू येईल, एवढंच. ते पैसे बऱ्या इअरफोनवर घाला, फरक लगेच कळेल.

एक माझंही सांगते. काही वर्षांपूर्वी मीच एक भरपूर सोयींचा प्लेअर घेतला होता. व्हिडिओ, खेळ, पुस्तकं, घड्याळ, आवाजाचे सात-आठ प्रकार. तिसऱ्या दिवशी बसमध्ये कसलंतरी बटण दाबलं गेलं आणि सगळा मेनू चिनी लिपीत गेला. भाषा बदलायची जागाही आता चिनीतच होती. दोन दिवस मी ओळी मोजत, "वरून पाचवं, मग तिसरं" असं करत गाणी लावली. शेवटी शेजारच्या आठवीतल्या मुलानं तो परत मराठी माणसाला वाचता येईल असा करून दिला. त्या प्लेअरमधलं मी वापरलं काय? चालू, बंद, पुढे, आवाज.

म्हणून, ताई, खरेदीच्या आधी चार दिवस नुसतं बघा. अण्णा कधी ऐकतात, बसून की चालताना? एकच यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत, की "हे नको, पुढचं"? मध्येच बंद केलेलं कीर्तन दुसऱ्या दिवशी तिथूनच हवं असतं का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. तासाभराचं कीर्तन चाळिसाव्या मिनिटाला थांबवलं आणि उद्या प्लेअर पुन्हा पूर्वरंगापासून सुरू झाला, तर तो प्लेअर आठवड्यात टेबलाच्या खणात जातो. जिथं थांबलो तिथून पुढे, ही सोय हवीच. म्हणजे बघा, "साधा घ्या" म्हणणाऱ्या मलाही एक सोय सोडवत नाही. सोयी वाईट नसतात. आपोआप होणारी सोय घ्यावी. मेनूत शिरून शोधावी लागणारी, जाहिरातीत कितीही ठळक असली तरी, मोजूच नये.

दुकानात अण्णांना घेऊन जा. प्लेअर त्यांच्या हातात द्या, मग खिशात घालायला सांगा आणि न बघता "पुढचं गाणं लावा" म्हणा. जमलं तर घ्या. बटणं खिशात चुकून दाबली जाऊ नयेत म्हणून कुलपाची कळ असावी. चार्जिंगची वायर घरातल्या फोनची चालावी, टाइप-सी असेल तर उत्तम, उलटसुलट कशीही बसते. मेमरी कार्ड घालता यायला हवं, यावर अडून बसा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इअरफोन वायरचा घ्या, चार्ज करायची आणखी एक वस्तू वाढत नाही. आवाजाबद्दल म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. डेसिबल काही आपल्याला मोजता येत नाहीत, पण शेजारी बसलेल्याला अण्णांच्या कानातलं गाणं ऐकू येत असेल तर तो जास्त आहे. आणि आमराईत आतमध्ये दोन्ही कानांत चालेल, रस्ता ओलांडताना एक कान मोकळा.

घरात ऐकण्यासाठी वेगळं यंत्र हा एक पर्याय आहे. सारेगामाचा कारवां २०१७ साली आला तो याच वयाच्या श्रोत्यांसाठी. जुन्या रेडिओसारखा डबा, फिरवायचं बटण, पाच हजार गाणी आधीच भरलेली. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. तिथे गाणी भरायची हमाली कंपनीनं केलेली आहे, म्हणून तो सोपा. पण निवड त्यांची, अण्णांची नाही, आणि तो डबा सदऱ्याच्या खिशात मावत नाही. सकाळच्या फेरीचा प्रश्न राहतोच.

रेडिओ हवा म्हणत असतील तर एक लक्षात घ्या. अशा प्लेअरमध्ये एफएम असतो, मीडियम वेव्ह नसते, आणि एफएमला इअरफोनची वायर हीच बहुधा एरिअल असते. मीडियम वेव्हवरचं केंद्र त्यात शोधत बसाल तर सापडणार नाही. आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर अ‍ॅपवर देशभरची केंद्रं लागतात, ते तुमच्या फोनवर लावून द्या.

आता गाणी. तुम्ही फोनवरच्या अ‍ॅपमध्ये जी "डाउनलोड" करून ठेवता, ती त्या अ‍ॅपच्या कुलपात असतात. कॉपी करून साध्या प्लेअरमध्ये घातली तर वाजत नाहीत. विकत घेतलेल्या फाइली किंवा घरच्या सीडीवरून उतरवलेली गाणी लागतात. नातेवाइकांकडे विचारा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाच्या तरी कॅसेटी पुरातून वाचल्या असतील. त्या कॉम्प्युटरवर उतरवायला वेळ लागतो, साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटं, पण ते काम अण्णांना शेजारी बसवून करण्यासारखं आहे. स्पिरिट आणि कापूस त्यांच्याकडेच मागा.

कार्ड ३२ जीबीचं पुरे. साध्या दर्जाच्या एमपी-३ फाइलीला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे पाचशे तास. रोज दोन तास ऐकलं तरी आठ महिने. त्याहून मोठं कार्ड बहुधा वेगळ्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन येतं आणि स्वस्त प्लेअर ते वाचतच नाहीत, मग प्लेअर खराब म्हणून परत करायला माणसं दुकानात भांडतात. जागा आहे म्हणून ती भरूही नका. पाचशे तासांच्या ढिगातून हवं ते गाणं बटणानं शोधणं म्हणजे पंढरीच्या वारीत चप्पल शोधणं. ६०-७० गाणी पुरेत. फाइलींच्या नावाआधी 01, 02 असे आकडे टाका, पण आकडे इंग्रजी आणि नावंही इंग्रजी लिपीत, कारण देवनागरी नावांचे बऱ्याच प्लेअरवर नुसते चौकोन दिसतात. आणि त्याच क्रमानं एकेक कॉपी करा. पुष्कळ स्वस्त प्लेअर नावं बघत नाहीत, कार्डावर जे आधी उतरलं ते आधी वाजवतात.

हे सगळं कोण करणार? तुम्ही नोकरी, घर, अण्णांची औषधं बघता. तुमच्या "साधा घेऊ" या म्हणण्यात ही हमाली आपोआप तुमच्याच गळ्यात पडते, आणि भावाच्या "चांगला घेऊ" यात ती अण्णांच्या. दोन्हीत तो मोकळा. म्हणून कार्डं दोन घ्या. प्लेअर तुमच्या पसंतीचा, भरायचं काम त्याचं. एक कार्ड अण्णांच्या खिशात, दुसरं पुण्यात. महिन्या-दीड महिन्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर अदलाबदल. सांगली-पुणे येजा करणारं कुणी ना कुणी असतंच, भडंगाच्या पुड्याबरोबर एक कार्ड जाईल. त्याला हाय-रेझची इतकी हौस आहे, तर ती त्याला फाइली निवडताना भागवू द्या.

नवा प्लेअर आला की चालू करायच्या बटणावर नखपॉलिशचा एक थेंब लावा, लाल. वाळला की बोटाला टोचतो, अंधारातही सापडतो. फुगलेला जुना प्लेअर मात्र चार्जिंगला लावून बघू नका, कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

राहिलं अण्णांचं "मला काही नको". मला वाटतं, त्यांना प्लेअर नको असं नाही. प्रत्येक वेळी "जरा हे लावून देतेस का" म्हणावं लागणं नको आहे. आणि जे चिखलात गेलं त्याची यादी पुन्हा कुणापुढे म्हणायला नको आहे. त्यामुळे "कुठली गाणी हवीत" असं एकदम विचारलंत तर "काहीही चालेल" हेच येईल. वही घ्या. संध्याकाळी चहाला बसलात की विचारा, त्या कपाटात वरच्या खणात काय होतं? दुसऱ्या दिवशी, त्याच्या खालच्या खणात? मी पैज लावते, त्यांना बाजू एक आणि बाजू दोनसकट आठवत असेल. लिहून घ्या, पानाचा फोटो काढा आणि भावाला पाठवा. अबोला आहे, तेव्हा सोबत काही लिहिलं नाहीत तरी चालेल.